किल्ली

पुस्तक मीच दिलं होतं त्सियालाला.
जाडजूड, तिसऱ्या हातचं,
मुखपृष्ठावर धुरात उभी आगगाडी
आणि डब्याच्या दारात टोपी काढलेला शिपाई.
म्हटलं, घे, डिसेंबर सरेल.
ती म्हणाली, प्रेमबिम आता कुठे वाचू, लमारा,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय.
पण नेलं.

आम्ही त्सखाल्तुबोच्या जुन्या आरोग्यधामात राहतो,
ती तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या.
संगमरवरी खांब, छताला प्लास्टरचे द्राक्षघोस,
आणि फुटक्या काचेतून बाहेर काढलेलं शेगडीचं नळकांडं.
इथं पूर्वी लोक सांधे बरे करायला यायचे.
आम्ही आलो तेव्हा म्हणाले, दोन महिने काढा.
तेव्हा कडेवर असलेला माझा मुलगा
आता टक्कल झाकायला टोपी घालतो.

चार रात्री तिच्याकडे दिवा जळत होता.
जिन्यात भेटली की बातम्या द्यायची,
जणू शेजारच्या खोलीतल्याच:
आज पत्र आलं तिला.
आज पूल उडवला.
पोरगी वाळली गं, नुसत्या चहावर आहे.
एकदा बाजारात, मुळ्याची जुडी हातात धरून,
"त्याला बूट मिळाले असतील का?"
मी तो भाग विसरले होते.
म्हटलं, मिळाले असतील.

पाचव्या रात्री दिवा लवकर विझला.
सकाळी खाली गेले
तर पातेल्यात मक्याची घोमी करपलेली,
त्सियाला खाटेवर, चष्मा कपाळावर,
चेहरा कुणाशी तरी भांडून आल्यासारखा.

मेला का तो?
"तिथवर गेलेच नाही मी."
मग?
"ती गाव सोडून निघते ना,
दार ओढून घेते, कुलूप घालते,
आणि किल्ली कुंडीखाली ठेवते.
तो आला तर, म्हणून."

मी थांबले, पुढे काय ते ऐकायला.
पुढे काही नव्हतं.
ती दाराशेजारच्या खिळ्याकडे बघत होती.

तिथं तिची टांगलेली असते, आम्ही रोज बघतो.
आम्हा सगळ्यांकडेच आहे एकेक.
कुणी पाहुणा आला, फोटो काढणारा,
की त्याच्या हातात देतो, वजन बघ म्हणतो.

ओचामचिरेत, त्या सप्टेंबरात,
बोंदो म्हणाला, तू हो पुढे, मी आईला घेऊन येतो.
तिनं कुलूप घातलं,
सवयीनं दोनदा ओढून पाहिलं,
किल्ली पोलक्यात खोचली.
बर्फातून डोंगर ओलांडताना ती छातीला टोचायची,
आणि बरं वाटायचं म्हणे,
घर बरोबर आहे.

"तीस वर्षं मला वाटायचं, सांभाळली मी.
आणि ही बघ, एकोणीस वर्षांची,
कागदावरची पोर.
तिला सुचलं."

मी म्हणायचं ते सगळं म्हटलं.
आठवड्यात गल्ली जळाली होती.
तो आलाच नसेल तिथवर.
आला असता तरी सुतार माणूस,
एका धक्क्यात दार मोडलं असतं.

"त्यानं स्वतः बसवलं होतं ते,"
त्सियाला म्हणाली,
"अक्रोडाचं.
तो कसा मोडेल?"

मग उठून तिनं पातेलं घासायला घेतलं,
राखेनं, बराच वेळ,
करप निघून गेल्यावरही.

पुस्तक अजून तिच्या टेबलावर आहे.
शेवट सांगू नकोस, अशी ताकीद आहे मला.
खूण म्हणून आत किल्लीच घातलीय तिनं,
जुनी, लोखंडी, बोटाएवढी लांब.
त्यामुळे ते नीट मिटत नाही,
वरची पानं उचललेली राहतात
आणि शिपाई जरा तिरका दिसतो.

रात्री मी माझी शोधली.
बटणांच्या डब्यात होती.
माझ्यासाठी तिकडे कुणी मागे राहिलं नव्हतं,
तरी दिवा घालवून पडल्यावर
मोजत बसले, दारात कुंड्या किती होत्या.
तीन.
एकीत काहीच लावलेलं नव्हतं.